पिवळी चौकट

सोमवार, ५ मे

आजपासून मी टॅक्सी चालवते. वाक्य लिहून पाहिलं, कसं दिसतं ते. बरं दिसतंय.

आईला अजून तसं वाटत नाही. सकाळी फाइव्ह गार्डनमध्ये बाकावरच्या मैत्रिणींना ती सांगून आली, की अनुजा आता ट्रान्सपोर्टमध्ये आहे. घरी येऊन मला म्हणाली, "माझ्या आजेसासऱ्यांच्या दारात गिरगावात व्हिक्टोरिया उभी असायची. गाडीवान वेगळा, घोड्याला चारा घालणारा वेगळा."

"आता गाडीवान मी आणि चारा घालणारी पण मीच," मी म्हटलं. "घोडा तेवढा गॅसवर चालतो."

ती हसली नाही. पण डब्यात कोलंबीचं खडखडलं निघालं. आईच्या, म्हणजे सोमवार पाळणाऱ्या सरोजिनी नवलकरांच्या घरात सोमवारी कोलंबी शिजली हे आमच्या नातेवाइकांना सांगितलं तर ते मला डोक्याचा डॉक्टर सुचवतील.

सुरुवात जानेवारीत झाली. बॅलार्ड इस्टेटमधलं आमचं ऑफिस चेन्नईला गेलं, मी गेले नाही. त्याच महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेल्या आईला घेऊन मी परळला हॉस्पिटलच्या गेटबाहेर उभी होते आणि हिंदू कॉलनी म्हटलं की प्रत्येक टॅक्सीवाला मान हलवून पुढे जात होता. एवढ्या जवळ कोण येणार. शेवटी भिंतीलगतच्या स्टँडवरचा एक जण काही न विचारता दार उघडून उभा राहिला. दारावर 'भोईवाडा टॅक्सीचालक सहकारी संस्था' आणि खाली 'जवळचं भाडं नाकारत नाही' असं लिहिलेलं. आईने त्या इवल्याशा प्रवासात त्याला भंडावून सोडलं. गाडी कुणाची, मालक कोण, गॅरेज कुणाचं. "मालक आम्हीच, आजी. सगळे मिळून," तो म्हणाला. "गॅरेज पण आमचाच." मी गप्प बसून ऐकत होते. आईने उतरल्यावर पट्टीखालून विचारलं, तू काय एवढी विचारात पडलीस. तो विचार हा, टॅक्सीचा.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेपर्यंत मी उमेदवार. तोवर गाडी संस्थेची. सभेत हात वर झाले तर मी सभासद आणि गाडी माझ्या हाती कायमची. नाही झाले तर किल्ली परत करायची आणि विहंगचं ऐकायचं. विहंग माझा धाकटा भाऊ. वाकडला त्याने आमच्यासाठी एक खोली रंगवून ठेवलीय, दादरची जागा काढून टाका आणि या म्हणतो. प्रेमानेच म्हणतो, म्हणून तर जास्त अवघड आहे. आईचा बाक, तिची मासेवाली आणि त्या मासेवालीशी रोजचं भांडण, हे सगळं तिथे कुठून आणायचं? सप्टेंबरपर्यंत थांब म्हटलंय त्याला.

स्टँड मला आवडला. भिंतीलगत गाड्यांची रांग, रांग सांभाळायला शिट्टीवाले अण्णा. ते पूर्वी टॅक्सी चालवायचे, आता गुडघे गेलेत. रांगेच्या पुढे, गेटजवळच्या बदामाखाली, रस्त्यावर पिवळ्या रंगाने एक चौकट आखलीय, एकाच गाडीपुरती. ती बहुतेक संस्थेतल्या थोरामोठ्यांची असावी. विचारलं नाही. नव्या जागी पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारा माणूस कसा दिसतो, ते ऑफिसात खूप वेळा पाहिलंय.

गुरुवार, ८ मे

पाठ गेली, कंबर गेली, पण मी खूष आहे.

जालन्याचं एक म्हातारं जोडपं होतं. पत्र्याची पेटी, पाण्याची मोठी बाटली आणि जायचं कुठे, तर मागच्या गल्लीतल्या धर्मशाळेत. मीटर पहिल्या आकड्यावरून हललंसुद्धा नाही. उतरताना आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. 

परत आले आणि रांगेच्या शेवटी लागले. मग बराच वेळ डब्यातलं लोणचं चाटत बसले.

माझ्या नशिबी सगळी छोटी भाडी येतात. धर्मशाळा, हिंदमाता, नर्सेस क्वार्टर. आपली संस्था नाकारत नाही, तेव्हा मी नाकारत नाही. जायचं, यायचं, पुन्हा शेपटाला.

आणि एक गोष्ट पाहिली. तो लवू, ज्याने आईला आणलं होतं आणि नंतर मला संस्थेत नेलं तोच, बाहेरून आला आणि रांगेकडे ढुंकूनही न बघता सरळ पुढे जाऊन पिवळ्या चौकटीत उभा राहिला. अण्णांनी त्याला हटकलं नाही, उलट शिट्टी वाजवून पुढचं भाडं दिलं. थोड्या वेळाने आणखी एकाने तेच केलं. सहकार म्हणजे काय, तर एकमेकांना सहकार्य करून रांग मोडायची. असो. उमेदवाराने तोंड मिटून बसावं.

सोमवार, १९ मे

चौकटीत कुणाकुणाची वर्णी लागते, त्याचा मी अभ्यास करतेय. लवू जातो, बंडू जातो, जवळजवळ सगळेच अधूनमधून जातात. अण्णांचा खरा लाडका मात्र कुशाबा.

हा कुशाबा साताऱ्याकडचा, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी येतो तेव्हा त्याच्या गाडीत एक ठरलेल्या बाई असतात. भर मेमध्ये अंगावर शाल, काखेत उशी. त्यांना हात धरून उतरवतो, गेटच्या आत पोचवून येतो, भाडं घेताना मी एकदाही पाहिलं नाही. गिऱ्हाईक जपावं, पण किती? मग रांगेच्या शेवटी गाडी लावतो. आणि नेमकी मी छोटं भाडं सोडून परत आले, निमूटपणे त्याच्यामागे लागले, की अण्णा त्याला खूण करतात आणि कुशाबाची गाडी आमच्या सगळ्यांच्या पुढून जाऊन चौकटीत. दर वेळी. मी आल्याशिवाय जणू त्यांना सुचत नाही.

आज जाताना त्याने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. खिजवतोय की काय, कळेना. मी खिडकीची काच वर केली.

बुधवार, ४ जून

आज बोलले. बोलायचं नाही ठरवलं होतं, पण ऊन डोक्यात गेलं.

माझा नंबर दुसरा होता. हातात आलेलं चांगलं शीवचं भाडं समोर दिसत होतं. तेवढ्यात लवू कुठूनसा आला आणि चौकटीत घुसला. मी गाडीतून उतरले आणि त्याच्या खिडकीशी गेले.

"लवू, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? मागे एवढी माणसं उभी आहेत. तो म्हातारा माणूस शेवटी उभा आहे. मी पण छोटंच भाडं मारून आले होते ना सकाळी? मी घुसले का पुढे?"

म्हातारा माणूस म्हणजे कुशाबा. खरं तर मला त्याची काही पडली नव्हती, बोलण्याच्या ओघात आला. मला वाटलं लवू उलटून बोलेल. तो लालबागचा, जिभेला हाड नाही. पण त्याचं तोंडच उतरलं.

"बरोबर हा तुमचा, मॅडम," तो म्हणाला. "चुकला माझा. ह्या मी बघूक व्हया होता."

गाडी मागे घेतली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. अण्णांनी कुशाबाला चौकटीत बोलावलं, ते सोडा. पण लवू शेवटी गेला. घरी येऊन आईला सांगितलं. म्हटलं, स्पष्ट बोललं की माणसं ऐकतात.

शुक्रवार, ६ जून

काहीतरी बदललंय.

आज एकानेही रांग मोडली नाही. बंडू आला, चौकटीकडे वळला, माझ्या गाडीकडे बघितलं आणि गुपचूप मागे गेला. दुसरेही तसेच. चौकटीत दिवसभर एकटा कुशाबा. बरं, हे झालं माझ्या शब्दाचं वजन म्हणावं, तर चहाचं काय? टपरीवाला पैसे घेत नाही. "झाले," म्हणतो. कुणी दिले विचारलं तर दुसरीकडे बघतो. दुपारी टायरमध्ये हवा कमी होती, मी उतरायच्या आत कुणीतरी भरून गेलेलं.

ऑफिसात एखाद्याला काढायचं ठरलं, की त्याच्याशी सगळे असेच गोड वागायचे.

मंगळवार, १० जून

परत ये रे माझ्या मागल्या. मंगळवारी सगळे पुन्हा चौकटीत. माझ्या शब्दाचं वजन सोमवार-बुधवार-शुक्रवारपुरतंच दिसतंय.

बुधवार, २ जुलै

जेवताना आईपाशी सगळं ओकले. मी शेपटाला, बाकीचे चौकटीत, आणि वर फुकटचा चहा.

आईने सुरमईचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "त्या चौकटीत कोणी उभं राहायचं असतं?"

"थोरामोठ्यांनी."

"कोण म्हणालं?"

"दिसतंच की."

"तू विचारलंस?"

"आई, उमेदवाराने असलं विचारायचं नसतं. उगाच वाटेल, मलाच तिथे जायचंय."

"मग जायचं नाहीये का?"

मी आमटी वाढून घेतली. आई म्हणाली, "तुझे वडील पण असेच. रस्ता चुकले की पेट्रोल संपेपर्यंत चालवायचे, पण काच खाली करून विचारायचे नाहीत." आणि तुकडी माझ्या ताटात वाढली.

सोमवार, २१ जुलै

आज स्वतःचीच लाज वाटतेय.

सकाळी कुशाबाच्या गाडीचं मागचं दार अडकलं. मी जवळच होते, बाहेरून जोर लावून उघडलं. आतल्या शालवाल्या बाई माझा हात धरून उतरल्या. हात हलका, थंडगार. दंडावर बँडेजपट्टी. "तुमीच का त्या अनुजाताई?" म्हणाल्या. "मी कमळाबाई. ह्येंची मंडळी."

गिऱ्हाईक कसलं, कुशाबाची बायको. आठवड्यातून तीनदा तिचं रक्त मशीनवर शुद्ध करून घ्यावं लागतं. ती आत असते तेवढ्या वेळात जवळची भाडी मारून तो तिला न्यायला गेटशी हजर राहतो. लांबचं भाडं घेऊन अडकला, तर ती बाकावर एकटी थरथरत बसणार. आणि मी त्या माणसासमोर काच वर करत होते.

कमळाबाई हात सोडेनात. "ह्ये घरी येऊन तुमचंच सांगत्यात. लई मोठं मन हाय तुमचं."

मी म्हटलं, अहो, दार तर उघडलं. त्या हसल्या. "बरं बरं. न्हाई बोलत," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला काही उलगडलं नाही, बहुतेक अशक्तपणामुळे बोलण्यात गोंधळ होत असावा. उद्यापासून कुशाबाशी नीट बोलायचं. आणि चौकट त्याची असेल तर असू दे, माझी तक्रार नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

गणपती. लालबागचे रस्ते बंद, पण पेशंट काही गणपती बघून आजारी पडत नाहीत. संस्थेने बंद रस्त्याच्या अल्याड-पल्याड गाड्या ठेवल्या. अल्याडचा पेशंट लवूने चालवत मधून न्यायचा आणि पल्याड मी उभी. मंडळाच्या पोरांनी दोरी वर धरून वाट दिली. एका बाळंतिणीला तर त्यांनी खुर्चीसकट उचलून आणलं. मूल गाडीत झोपलं आणि ढोल वाजले तरी उठलं नाही.

इतकं दमून इतकं बरं मला गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हे काम माझ्याकडून काढून घेतलं तर मला फार लागेल. ते इथे लिहून ठेवते, विहंगला सांगणार नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

विहंगचा फोन. खोलीत आईसाठी देव्हारा पण बसवलाय. आई फोनवर "किती छान" म्हणाली आणि फोन ठेवून मासेवालीच्या नावाने खडे फोडत बसली, काल पापलेट शिळं दिलं म्हणून. पापलेट ताजं होतं.

आणि स्टँडवर बातमी, की सभेत बंडू माझ्या विरोधात बोलणार. बंडू गिरणगावातलाच, संस्था उभी राहिली तेव्हापासूनचा. अण्णा म्हणाले, "टेन्शन घ्यायचं नाय मॅडम, तो सगळ्यांच्याच अगेन्स्ट बोलतो." पण सभेत बंडू सांगेल तसेच हात वर होतात, हेही त्यांनीच मागे सांगितलंय.

रविवार, २८ सप्टेंबर

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

भोईवाड्यात, चाळीच्या मधल्या पटांगणात सभा. खुर्च्या कमी, माणसं जास्त. कमळाबाईंना जिन्याजवळ उशी देऊन बसवलेलं. अहवाल वाचून झाला, गॅरेजच्या गळक्या पत्र्यावर भांडण झालं, मग अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. अनुजा नवलकर यांना सभासद करून घ्यावं, कोणाचं काही म्हणणं?

बंडू उठला. त्याने माझ्याकडे बघितलं, वाईट नजरेने नाही.

"मॅडम चांगल्या आहेत. गाडी पण चांगली चालवतात. पण ऑफिसवाल्या आहेत. उद्या एसी ऑफिसात जॉब मिळाला की चालल्या. आपल्याकडे नवा मेंबर घेताना एकच बघतात, स्टँडची रीत त्याला कळली की नाय. मला वाटतं, अजून एक वर्ष बघू."

एक वर्ष. विहंग एक वर्ष थांबणार नाही आणि मला ते मागताही येणार नाही. 

तेवढ्यात मागून लवू उठला. "रीत? रीत तिका शिकवतस? बोलायचा नसता माका माहीत आसा, पण आज मी बोलणार."

"लवू, बस," अण्णा म्हणाले. 

"नाय बसणार. मेपासून ह्या बाईने एकदा तरी आपलो नंबर घेतलान? छोटा भाडा मारून आलो की चौकट आपली, रांगेत परत लागायचा नाय. आपण सगळे घेतो. म्हणून तर आपल्याला जवळचा भाडा परवडता. ही घेत नाय. रोज सोडता. सोडलेलो नंबर अण्णा कुशाबाक देतत. कोणी सांगितला तिका? मी चौकटीत घुसलंय तर माका येऊन चार शब्द सुनावलान, म्हातारो मागे उभो आसा म्हणून. त्या दिवसापासून कमळाबाईच्या वाराक आपण सगळे सोडूक लागलो. आणि बंडू, तू पण."

बंडूने मान खाली घातली. कुशाबा माझ्याकडे तोंड करून हात जोडून उभा राहिला. कुणाचेतरी हात वर व्हायला लागले होते.

आणि मी खुर्चीत थिजून बसले होते. चौकट थोरामोठ्यांची नव्हती. ती छोटं भाडं नेणाऱ्याची होती. म्हणजे माझी, रोज, दर वेळी. शेपटाला लागण्याऐवजी मला सरळ तिथे जाऊन उभं राहता आलं असतं आणि मी ते मोठ्या मनाने सोडतेय असं सगळं स्टँड समजत होतं. नंबर सोडला की त्याबद्दल बोलायचं नाही आणि आभार मानायचे नाहीत, ही इथली रीत. म्हणून चहाचे पैसे न बोलता दिलेले. म्हणून "न्हाई बोलत".

गप्प बसले असते तर सगळे हात वर झाले असते. आई दादरला राहिली असती. मी हे दोन्ही विचार केले, खोटं कशाला लिहू. पण कुशाबाचे जोडलेले हात माझ्याकडे होते आणि त्यांच्यावर माझा हक्क नव्हता.

"थांबा," मी उभी राहिले. "मला माहीतच नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?" अध्यक्ष म्हणाले.

"चौकटीचा नियम. मला वाटलं, ती मोठ्या लोकांची जागा. मी काही सोडलं नाही, मला ते माझं आहे हेच ठाऊक नव्हतं. लवूला बोलले ते रांग मोडली म्हणून. कुशाबांच्या घरचं तर तेव्हा मला काही माहीतही नव्हतं. मी मोठ्या मनाची वगैरे नाही. मी रोज घरी जाऊन तुम्हा सगळ्यांना शिव्या घालत होते."

 अध्यक्षांनी अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, नव्या माणसाला रीत सांगायची तुम्ही ना?"

"मला वाटलं लवूने सांगितली. त्यानेच तर आणलेली."

"माका वाटला अण्णांनी सांगितली," लवू म्हणाला. "आणि नंतर विचारणार कसा? सोडलेल्या नंबराबद्दल बोलायचा नसता."

आधी जिन्याजवळून आवाज आला. कमळाबाई हसत होत्या, उशी पोटाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळं पटांगण हसायला लागलं. वरच्या गॅलरीतली माणसं काय झालं विचारायला लागली. मी उभीच. मला वाटलं, संपलं, किल्ली पर्समध्ये शोधावी.

एकटा बंडू हसत नव्हता. तो बोटांवर काहीतरी जुळवत होता.

"एक मिनिट. म्हणजे तुम्हाला चौकट माहीत नव्हती."

"नाही."

"म्हणजे धर्मशाळेला जाऊन आलं की पुन्हा लास्ट नंबर, हे धरून चालला होतात?"

"हो."

"आणि तरी भाडं नाकारलं नाय? एकदा पण?"

"संस्था नाकारत नाही ना," मी म्हटलं. "दारावरच लिहिलंय."

बंडू सभेकडे वळला. "ऐकलं? आपण छोटी भाडी घेतो ती चौकट आहे म्हणून. चौकट काढली तर इथे किती जण घेतील? मी नाय घेणार, सरळ सांगतो. ही बाई पाच महिने चौकटीशिवाय चालवते आहे. रीत आपल्याला शिकवायला पाहिजे अण्णा, तिला नाय." आणि त्याने हात वर केला. पहिला हात त्याचाच.

बाकीचे मला नीट दिसले नाहीत, डोळे भरले होते. कोणी विरोधात नव्हतं असं अध्यक्ष म्हणाले. रीत न सांगितल्याबद्दल अण्णांना सगळ्या सभेला चहा पाजण्याचा दंड झाला.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"विचारलं असतंस तर मेमध्येच कळलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"बरं झालं नाही विचारलंस," ती म्हणाली आणि विहंगला फोन लावायला उठली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. स्टँडवर सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार. आमच्या गाडीची पूजा आईने केली. कॉलनीच्या गेटपाशी, सगळ्यांच्या देखत, नारळ तिने स्वतः फोडला. बाकावरच्या मैत्रिणींना हाक मारून बोलावलं होतं. "ही आमची टॅक्सी," म्हणाली. "अनुजा चालवते." ट्रान्सपोर्टचं नाव काढलं नाही.

मग मागे बसली आणि म्हणाली, "फाइव्ह गार्डन. मीटर टाक, मी फुकट बसत नाही."

"आई, ते चालत जाण्यासारखं आहे."

"तुमच्या दारावर काय लिहिलंय?"

मीटर टाकलं. ती पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती, व्हिक्टोरियात बसल्यासारखी. उतरताना सुटे पैसे मोजून दिले आणि वर आपट्याचं पान.

तिथून स्टँडवर गेले आणि पहिल्यांदा पिवळ्या चौकटीत उभी राहिले. बदामाची सावली थेट काचेवर येते, तिथून गेट पूर्ण दिसतं. अण्णांनी शिट्टी वाजवली. फार छान जागा आहे ती. मला हे आधी कळायला हवं होतं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

धर्मशाळेचं भाडं. परत आले. कुशाबांची गाडी रांगेच्या शेवटी होती. मी त्यांच्यामागे लावली. बराच वेळ उभी होते.

संध्याकाळी आईने विचारलं, आज एवढा उशीर का. म्हटलं, रांग मोठी होती.

चहा बरा होता. बाकी विशेष काही नाही.